शुगरचं ॲप आणि रेशनचा तांदूळ

रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी आकडा बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "ताई, आता खायचं काय?" मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला एका छोट्या लॅबच्या काउंटरवर बसते. रक्त घेणं, एन्ट्री करणं, रिपोर्ट देणं हे माझं काम, त्यामुळे खरं तर हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. पण डॉक्टरांच्या दाराबाहेर रांग असते, ते गोळी लिहून देतात, गोड बंद, भात बंद, रोज चालायला जा एवढं सांगतात की पुढचा नंबर आत येतो. मग तोच प्रश्न घेऊन लोक परत आमच्याकडे येतात, नाहीतर घरी जाऊन पोराच्या फोनवर शोधतात. शुगरवाल्या गरीब माणसाला खाण्यापिण्याची मदत फोनवरून होऊ शकते असं मला मनापासून वाटतं, त्यासाठीच लिहायला बसले. फक्त आज जी मदत फोनवर मिळते ना, ती भलत्याच कुणाच्या स्वयंपाकघराकडे बघून बनवलेली आहे.

आमच्या लाइनीतल्या एका काकूंना शुगर निघाली तेव्हा त्यांच्या पोराने मोठ्या प्रेमाने त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. मी शेजारीच बसले होते. भाषा निवडायला मराठी नव्हतं म्हणून हिंदी केली. उंची फुटात, वजन, कमरेचा घेर, किती किलो कमी करायचंय, सगळं भरलं. मग विचारलं की सकाळी काय खाल्लं, काकू म्हणाल्या चहा आणि रात्रीची भाकरी. भाकरी लिहिलं तर पाच-सहा प्रकार समोर आले आणि प्रत्येकापुढे ग्रॅम. काकू हातावर भाकरी थापतात, त्यांना ग्रॅम कुठून माहीत असणार, त्यांनी हात पसरून दाखवला, "एवढी". एवढी हा पर्याय फोनमध्ये नव्हता. मग ॲपने आठवड्याचा आहार दिला त्यात ओट्स, ब्रोकोली, बदामाचं दूध, ग्रिल केलेलं पनीर, आणि संध्याकाळी मूठभर अक्रोड. काकूंनी अक्रोडाचा भाव विचारला आणि फोन पोराला परत दिला. आणखी एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे तो फोन पोराचा, पोरगा महापेला कंपनीत, दुपारी एक वाजता "जेवण नोंदवा" असा मेसेज यायचा तेव्हा फोन कंपनीत त्याच्या खिशात आणि काकू घरी ताटावर.

हे एकट्या काकूंचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांकडे स्वतःचा असा फोन नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यातल्या कितीजणींचा साधा बटणांचा आहे ते आपण आजूबाजूला बघतोच. आणि घरात शुगर कुणालाही असो, सासऱ्यांना असो की नवऱ्याला, ताटात काय पडणार हे ठरतं चुलीपाशी. मेसेज मात्र जातो पेशंटच्या फोनवर. जिच्या हातात पळी आहे तिला कुणी सांगतच नाही.

आमच्याकडे बरीच वस्ती माथाडींची, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांची. सातारा, पाटण, जावळी, सांगलीकडची शिराळा वगैरे गावं, तिथून माणसं आली, एपीएमसीत म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्यात, दाणा बंदरात, मसाला मार्केटात हमाली केली, इथेच संसार उभे केले. माझे सासरे त्यातलेच. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाचं जेवण कसं असणार, तर दोन-तीन भाकऱ्या, कालवण, वर ताटभर भात, आणि चहा तर मोजायचाच नाही. त्या कामाला ते जेवण लागतच होतं. पण पाठ गेली, गुडघे गेले, काम सुटलं आणि ताट तेवढंच राहिलं. घरातली बाई तेवढंच वाढते कारण कमी वाढलं तर "काय गं, आता जेवायला पण कमी देणार का" असं ऐकावं लागतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे माणसाचा मान ताटातल्या भातावरून मोजतात, त्यामुळे कमी वाढणं हा साधा विषय नाहीच. मला वाटतं मेसेज लिहिणाऱ्याला हे कळलं पाहिजे, नुसतं "भाताचं प्रमाण कमी करा" लिहून टाकलं की ते घरात भांडण होऊन पोचतं.

आता भाताकडे येऊ. तुर्भे स्टोअर, रबाळे, दिघा इकडची जी माणसं लॅबमध्ये येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा महिना रेशनवर चालतो. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, अंत्योदयवाल्यांना कार्डावर ३५ किलो. चांगली गोष्ट आहे, उपाशी कुणी राहू नये. पण ते धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ, आणि बहुतेक वेळा त्यात तांदूळच जास्त. डाळ, कडधान्य, भाजी हे सगळं विकत. मग ज्याच्याकडे महिनाअखेर पैसे संपतात त्याच्या ताटात काय उरतं ते वेगळं सांगायला नको, भात आणि पातळ आमटी, नाहीतर भात आणि लोणचं. त्या माणसाला फोनवर "भात बंद करा" सांगणं म्हणजे जेवण बंद करा सांगण्यासारखंच आहे. दिवाळीला २०२२ मध्ये सरकारने १०० रुपयांत आनंदाचा शिधा दिला त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. सणाला गोडधोड हवंच, त्याबद्दल तक्रार नाही, पण घरात शुगर असेल तर त्यातली चणाडाळ सोन्यासारखी आहे हे सांगणारा एक मेसेज त्याच दिवशी त्याच कार्डावरच्या नंबरवर गेला असता तर किती बरं झालं असतं. नंबर तर रेशनवाल्यांकडे असतातच.

ज्वारीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे आणि गरिबाचे पैसे यात जातात. शुगर निघाली की प्रत्येक जण सांगतो गहू सोडा, ज्वारी खा, नाचणी खा. बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग, आणि रेशनचा गहू तर फुकट आलेला. मग लोक तो गहू बाजूला ठेवून ज्वारी विकत घेतात आणि मोठ्या समाधानाने तीन भाकऱ्या खातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थांचे, त्यात बघितलं तर १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं, म्हणजे पोटात जाऊन ज्याची साखर होते तो भाग, साधारण ६८ ग्रॅम आणि कणकेत ६४. तंतू म्हणजे फायबर ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास, कणकेत ११. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. तांदळात मात्र कर्बोदकं ७८ ग्रॅम आणि तंतू जेमतेम ३, तिथे फरक आहे. २०२५ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या शुगरच्या पाहणीचा आहारावरचा अभ्यास आला, त्यात भारतीय माणसाची ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं निघालं, आणि पुढचं महत्त्वाचं, नुसता भात काढून तेवढंच गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ खाल्लं तर शुगरचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकंच थोडी कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूध-दही यातलं प्रोटीन आलं तर कमी दिसला. भाकरी वाईट असं नाही हं, भाकरी खाणाऱ्याने खावी, पोटभर वाटते, सवयीची आहे. पण ज्याला परवडत नाही त्याने ज्वारीपायी कर्जबाजारी व्हायची गरज नाही, तेच पैसे मटकीला, मुगाला, हरभऱ्याला लावावेत.

आणि हे फुकटच्या गव्हातच करता येतं. दळण गिरणीत टाकताना पाच किलो गव्हात एक किलो हरभरा टाकायचा आणि घरी आल्यावर पीठ चाळून कोंडा फेकायचा नाही. एवढंच. चपाती जरा जाड होते, रंग पिवळसर येतो, पोरं पहिले दोन दिवस नाक मुरडतात मग खातात. हे गावाकडे पूर्वी करायचेच, सासूबाई म्हणाल्या "आम्ही नाही का करायचो", त्यामुळे ही गोष्ट कुणाला पटवायला वेळ लागला नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सगळ्यात जास्त फिरलेला मेसेज हाच.

तर आता ग्रुपबद्दल. माझ्या ओळखीच्या एक आहारतज्ज्ञ मॅडम आहेत, ऐरोलीला राहतात, त्यांना मी म्हटलं की मला माहिती नाही असे प्रश्न लोक मला विचारतात, तुम्ही उत्तरं द्या, मी लोकांपर्यंत पोचवते. त्यातून व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला. लिहिलेलं फारसं काही नसतं, सगळं बोलून. एक क्लिप म्हणजे चाळीस-पन्नास सेकंद, त्याच्या वर गेलं की ऐकत नाहीत आणि डेटा पण जातो. मॅडम आधी पुस्तकी बोलायच्या, "कर्बोदकांचे सेवन मर्यादित ठेवावे" असं, मग आमच्या एका वहिनींनी सरळ सांगितलं मॅडम कळत नाही, आणि मग वहिनीच बोलायला लागल्या. मॅडम मुद्दा सांगतात, वहिनी बोलतात, मॅडम ऐकून ठीक आहे म्हणतात, मग टाकतो. एक क्लिप साधारण अशी:

"बायांनो, आज भाताचं ऐका. भात बंद करायचा नाहीये. घरातली आमटीची वाटी घ्या, मोठा वाडगा नाही बरं का, आमटीची वाटी. शुगरवाल्याला ती एक वाटी भात, दाबून भरायचा नाही. पण आधी भात वाढायचा नाही. आधी भाजी, उसळ, जे असेल ते, नाहीतर काकडी, मुळा. ते खाऊन झालं की मग भात. आणि आमटी पातळ केली असेल तर खालची डाळ पळीने त्यांच्या वाटीत घाला, वरचं पाणी नको. विचारलं कमी का वाढलं तर म्हणा आधी हे संपवा मग देते."

आधी भाजी-डाळ आणि शेवटी भात-चपाती असं खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हे अभ्यासातून दिसलेलं आहे, आणि याला एक रुपया लागत नाही. मला ही सूचना फार आवडते कारण यात कुणाचं काही काढून घेत नाही, फक्त क्रम बदलतो, आणि मानापमानाचा प्रश्न पण येत नाही.

ग्रॅमच्या ऐवजी आम्ही फोटो घेतो. ताट वाढलं की फोटो काढून मॅडमना पर्सनलवर टाकायचा, ग्रुपवर नाही, कारण लोकांना आपलं ताट दाखवायला लाज वाटते आणि ती लाज समजून घेतली पाहिजे. एका काकूंच्या ताटाचा फोटो आला, स्टीलचं ताट, मध्ये भाताचा ढीग, बाजूला बटाट्याची सुकी भाजी, दोन चपात्या, एक पापड. मॅडमनी त्यावर उत्तर दिलं की काकू, या ताटात बटाटा पण भातच समजा, म्हणजे तुमच्या ताटात भात, चपाती, बटाटा सगळं एकाच जातीचं झालं, बटाट्याच्या जागी उद्या मटकी मोड आणून टाका आणि भात अर्धा करा. बस. काकूंनी तिसऱ्या दिवशी मटकीचा फोटो टाकला, भात होता तेवढाच होता. मॅडम म्हणाल्या चालेल, एक गोष्ट झाली, भाताचं पुढच्या आठवड्यात बोलू. ही सबुरी मशीनमध्ये घालता येते की नाही मला माहीत नाही, पण घालायचा प्रयत्न तरी करावा असं वाटतं.

भाजीचं म्हणाल तर एपीएमसी इतक्या जवळ असून भाजी स्वस्त मिळते असं काही नाही. पण रात्री नऊच्या पुढे फुटपाथवरच्या भाजीवाल्या पालेभाजी काढून टाकतात, सकाळपर्यंत ती टिकणार नसते. माठ, चवळी, शेपू, मुळ्याचा पाला, कधी अंबाडी, संध्याकाळच्या भावापेक्षा बरीच कमी किंमत. आमच्या ग्रुपवर एक ताई आहेत त्या कामावरून येताना रोज त्या वेळेला तिकडून जातात, त्या बोलून टाकतात, "आज शेपू दहाला दोन, या पटकन." माझ्या मते ग्रुपमधली सगळ्यात उपयोगी आरोग्यसेवा ही आहे. पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं निरोगी माणसासाठी सुद्धा दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगतात. ४०० ग्रॅम भाजी माणशी, चार माणसांच्या घरात किती झाली हिशोब करा. ते लगेच जमणार नाहीच, पण शून्यावरून एका जुडीवर यायला कुणीतरी भाव सांगावा लागतो.

प्रोटीनसाठी अंडं आहे, सात-आठ रुपयांना एक. सुकट, जवळा आमच्याकडे आवडीने खातात आणि थोडक्यात भागतं, पण त्यात मीठ भरपूर, त्यामुळे ज्यांना बीपी आहे त्यांनी नीट धुऊन, पाण्यात ठेवून, पाणी टाकून देऊन मग करायचं आणि वरून मीठ घालायचं नाही. कुळथाचं पिठलं कोकणातल्या लोकांकडून आमच्या घाटावरच्या बायका शिकल्या ते पण चांगलं चाललंय. सकाळी पोह्यांच्या जागी मुगाची धिरडी. एका काकांकडे ग्लुकोमीटर म्हणजे घरी शुगर बघायचं मशीन आहे, त्यांनी पोहे खाऊन दोन तासांनी बघितलं तर अडीचशेच्या वर, धिरडी खाऊन बघितलं तर दोनशेच्या आत. एका माणसाच्या दोन रीडिंगवरून नियम काढता येत नाही हे मी त्यांना सांगितलं, पण स्वतःच्या बोटातलं रक्त बघून माणसाला जे पटतं ते मी शंभर वेळा सांगून पटणार नव्हतं. अडचण एवढीच की एक स्ट्रिप वीस रुपयांच्या आसपास पडते, रोज कोण बघणार. म्हणून मी सांगते की रोज नको, पण नवीन पदार्थ सुरू केला तर एकदा दोन तासांनी बघा, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा. ती टेस्ट महाग वाटते पण रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी त्यात दिसते, टेस्टच्या आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही.

आणि चहा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, जवळपास ५० ग्रॅम. निरोगी माणसाला सुद्धा २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात. गोड बंद केलं असं छातीठोक सांगणारी माणसं हा चहा मोजतच नाहीत, वर टोस्ट आणि खारी. गुळाचा चहा केला तरी शुगर तशीच चढते, याची क्लिप आम्ही दर महिन्याला परत टाकतो.

फोनमुळे नुकसान पण होतं आणि ते मी रोज बघते. भेंडीचं पाणी प्या, गोळ्या सुटतील. अमुक पावडर घ्या, पंधरा दिवसांत शुगर मुळापासून. भाताचं पाणी निथळून टाकलं की भात शुगरफ्री होतो. निथळल्याने थोडा स्टार्च जातो, पण उरलेला भात हा भातच. हे फॉरवर्ड मराठीत असतात, बोलून असतात, सोपे असतात, घरातल्या भेंडीबद्दल असतात, म्हणूनच चालतात. खरी माहिती इंग्रजीत, ग्रॅममध्ये, ओट्सबद्दल. मग माणूस कुणाचं ऐकणार? एक बाई गोळ्या सोडून महिनाभर काहीतरी काढा पीत होत्या, रिपोर्ट बघून माझाच हात थरथरला. त्यांना रागावून उपयोग नव्हता, त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत आशा दिली होती.

रील्समधला तो सोळा तास उपाशी राहायचा प्रकार, त्याबद्दल तर मी हात जोडून सांगते. ज्यांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड हे शुगर खाली आणणारं औषध आहे किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवायचं नाही. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, असं झालं तर शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते, तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, बरं वाटलं नाही तर परत द्यायची आणि नंतर काहीतरी खायला द्यायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. ही क्लिप आमच्या ग्रुपला वर पिन करून ठेवलीय. नुसतं काय खा, काय टाळा सांगणाऱ्या आणि हे न सांगणाऱ्या कुठल्याही ॲपवर माझा विश्वास नाही. तसंच किडनीचं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते, वाढलेलं असेल तर डाळ, पालेभाजी, फळं यांचं गणित वेगळं होतं, अशा माणसांना मॅडम ग्रुपवरच्या सूचना पाळायला देत नाहीत, आधी डॉक्टरांकडे पाठवतात.

फोनने काही होतं का असं विचारणाऱ्यांसाठी, होतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांवर अभ्यास केला, २०१३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहाच्या जर्नलमध्ये आला. अर्ध्यांना नेहमीसारखा सल्ला, अर्ध्यांना त्याशिवाय मोबाइलवर खाण्याचे, चालण्याचे साधे मेसेज. दोन वर्षांत पहिल्या गटात २७ टक्के लोकांना शुगर झाली, मेसेजवाल्यांत १८ टक्के. साधे एसएमएस, ॲप वगैरे काही नाही. आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये एमडायबेटिस म्हणून मिस्ड कॉल देऊन मेसेज मिळवायची सोय काढली होती. कल्पना उत्तम, मिस्ड कॉल द्यायला आपल्याकडे सगळ्यांना येतं. पण आता २०२३ च्या इंडियाब अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना शुगर आहे, शहरात १६.४ टक्के, तर एवढ्या सगळ्यांना एकच मेसेज कसा चालेल. दिघ्यातल्या रेशनवाल्या घराला वेगळा, मार्केटमध्ये रात्रपाळी करणाऱ्याला वेगळा, पहाटे पोळीभाजीची ऑर्डर असणाऱ्या ताईला वेगळा लागेल.

आणि नुसता मेसेज पुरत नाही हे पण मान्य केलं पाहिजे. अमेरिकेत २०१८ च्या त्यांच्या शेती कायद्यात भाजी-फळांच्या चिठ्ठीच्या योजनांना पैसे दिलेत, म्हणजे डॉक्टर कमी उत्पन्नाच्या पेशंटला औषधासारखी भाजी लिहून देतो आणि ती भाजी फुकट किंवा सवलतीत मिळते. आपल्याकडे इतकं मोठं रेशनचं जाळं आहे, दुकानं आहेत, कार्डं आहेत. ज्या कार्डावर शुगरचा पेशंट आहे त्याला थोडा तांदूळ कमी घेऊन त्या बदली हरभरा किंवा मूग घ्यायची मुभा दिली तर? मी अर्थशास्त्री नाही, पण डायलिसिसचा खर्च बघते, मुगाचा भाव पण बघते.

आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरायला घरोघर येतात, बीपी-शुगर तपासायला नागरी आरोग्य केंद्रात पाठवतात. त्या फॉर्मसोबत तीन गोष्टी विचाराव्यात असं मी आमच्याकडच्या एका आशाताईंना म्हटलं. स्वयंपाक कोण करतं, फोन कुणाकडे असतो आणि किती वाजता घरी असतो, आणि रेशन कुठल्या कार्डावर येतं. त्या म्हणाल्या ताई, फॉर्म आधीच लांब आहे, आणि त्यांचं खरं आहे, त्यांच्यावर कामाचा किती बोजा आहे ते मला माहितीय, वर रकाने वाढवत राहतात. तरी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला सुरुवात केलीय आणि ज्या घरात बाईकडे फोन नाही तिथे शेजारणीचा नंबर घेतलाय. आता क्लिपा त्या शेजारणीला जातात आणि दुपारी दोघी ओट्यावर बसून ऐकतात.

ज्यांना ॲप बनवता येतं, ज्यांची मुलं इकडे माइंडस्पेसच्या आयटी कंपन्यांत, महापेत कॉम्प्युटरवर काम करतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आमच्या क्लिपा घ्या, पैसे नकोत. भाकरी "एवढी" असं हाताने दाखवता येईल असं काहीतरी करा. कमी नेटवर चालू द्या. बाईच्या आवाजात, घाटावरच्या बोलीत, आगरी बोलीत पण. आणि सात दिवसांनी पैसे मागू नका.

सध्या नवरात्राच्या क्लिपा करतोय. नऊ दिवस साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर रताळं, आणि दहाव्या दिवशी लॅबमध्ये ते आकडे मला बघायचे नाहीत. मॅडमनी सांगितलंय ते असं, की गोळ्या आणि उपास याचं डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायचं, भगर एक वाटीच्या वर नको कारण ती पण धान्यासारखीच, सोबत दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर, आणि ज्यांना इन्सुलिन आहे त्यांनी निर्जळी करायचीच नाही. राजगिऱ्याची चांगली, कमी तेलातली थालीपिठं कुणाला येत असतील तर बोलून पाठवा, लिहायची गरज नाही, पण प्रमाण वाटीने सांगा.